पंच्याहत्तर टक्क्यांचं मीठ

गेल्या जुलैत आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरत फिरत आला. घराच्या चार कोपऱ्यांत वाटी-वाटी खडे मीठ ठेवा. आठवड्याने बघा. मिठाला पाणी सुटलं असेल तर घरातली नकारात्मक ऊर्जा मिठाने ओढून घेतली असं समजा. ते पाणी बाहेर टाका, नवीन मीठ ठेवा. शेजारच्या काकूंनी ते केलं आणि चौथ्या दिवशी चारही वाट्यांत पाणी दिसलं. काकांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. अशा दिवसांत माणसाचं मन कशालाही बिलगतं. वाटी माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "तूच बघ. एक कोपरा सोडला नाही."

मी विचारलं, "काकू, हेच जानेवारीत केलं असतं तर?"

योगायोग असा, की त्या आठवड्यात माझ्या टेबलावरही एका बरणीत ओलं मीठ ठेवलेलं होतं. तुर्भ्याला मसाला मार्केटच्या जवळ माझ्या मावसभावाचं मिरची-हळदीचं गोदाम आहे. तिथलं तापमान आणि दमटपणा घरबसल्या कळावा म्हणून मी छोटी बिनतारी यंत्रं जोडत होतो, आणि त्यांचे सेन्सर तपासायला मीठ वापरत होतो. एकाच्या घरी मीठ भीती दाखवत होतं, दुसऱ्याच्या घरी मोजपट्टीचं काम करत होतं. दोन्हीमागची गोष्ट एकच आहे, आणि ती मला इतकी आवडते की यंत्राआधी तीच सांगतो.

सुरुवात आकड्यापासून. मोबाइलवर 'आर्द्रता ९० टक्के' दिसलं की हवेत ९० टक्के पाणी आहे असा अनेकांचा समज होतो. तसं असतं तर आपण बुडालोच असतो. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ राहू शकते. ९० टक्के म्हणजे या ३० ग्रॅमचे ९० टक्के, अर्थात २७ ग्रॅम. त्या घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या जरा खाली असतं, म्हणजे पाणी वजनाने अडीच टक्क्यांच्याही आतच. तरी ते काही थोडं नाही. दहा बाय दहाच्या एका खोलीतली वाफ गोळा केली तर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पाणी निघेल.

ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. २० अंशांना ती १७ ग्रॅम, ३० अंशांना ३०, ३५ अंशांना जवळजवळ ४०. म्हणून नुसता आर्द्रतेचा आकडा अर्धवट असतो. ३० अंशांची, ६५ टक्के आर्द्रतेची हवा एखाद्या गोदामात बंद करा आणि रात्री ती २६ अंशांपर्यंत उतरू द्या. वाफेचा एक कणही वाढला नाही, पण आर्द्रता ८२ टक्क्यांवर पोचते. हा मुद्दा पुढे मिरचीच्या पोत्यांपाशी लागणार आहे.

आता मीठ. हवा स्पंजसारखी पाणी धरून ठेवते असं आपण बोलतो. बोलण्यापुरतं ते चालतं, पण खरा व्यवहार पाण्याच्या पृष्ठभागावर चालतो. झाकण लावलेल्या बरणीत थोडं पाणी आहे असं समजा. पृष्ठभागावरचे काही रेणू सतत उडून हवेत जातात, हवेतले काही सतत परत येऊन पाण्यात मिसळतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की हवेत जेवढी वाफ असते तिला आपण १०० टक्के म्हणतो. ठाणे-वाशी लोकलसारखं समजा: उतरणारे आणि चढणारे सारखे, डब्यातली गर्दी तेवढीच.

या पाण्यात मीठ विरघळवा. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युत भार असलेले कण, सुटे होतात. पाण्याच्या रेणूला एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार असतो, म्हणून प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात आणि त्याला चिकटून राहतात. जे चिकटले ते सहजी उडत नाहीत. जाणाऱ्यांची संख्या घटली, मग समतोल साधायला येणारेही कमीच लागतात. म्हणजे खाऱ्या पाण्यावरची हवा १०० टक्क्यांच्या खालीच स्थिरावते.

किती खाली? शाळेतलं मोलचं गणित आठवा. १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. १०० ग्रॅम पाणी म्हणजे ५.५५ मोल. ३६ ग्रॅम मीठ म्हणजे ०.६२ मोल, पण प्रत्येकाचे दोन आयन, म्हणून १.२३ मोल कण. एकूण कणांत पाण्याचा वाटा ५.५५ भागिले ६.७८, म्हणजे ८२ टक्के. आयन पाण्याशी काहीच व्यवहार न करता नुसते जागा अडवून बसले असते, तर हवा ८२ टक्क्यांवर थांबली असती. प्रत्यक्षात ती २५ अंशांना ७५.३ टक्क्यांवर थांबते. मधला सहा-सात टक्क्यांचा फरक म्हणजे आयनांनी पाणी घट्ट धरल्याची पावती. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही महागड्या उपकरणाशिवाय, रेणूंमधली ओढ आपल्याला एका आकड्यात दिसते.

आता कोरडा मिठाचा खडा घ्या. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर कायम असतो. त्या थरात मीठ विरघळलेलं असतं, तेही पुरेपूर, कारण खाली मिठाचा डोंगरच आहे. म्हणजे हा थर ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल साधणारा. बाहेरची हवा ७० टक्के असेल तर थरातून जास्त रेणू जातात, खडा कोरडा राहतो. बाहेर ८० टक्के असेल तर येणारे जास्त होतात. थर जाड होतो. जाड झाला की आणखी मीठ विरघळतं, द्रावण पुन्हा पुरेपूर खारं, म्हणजे संपृक्त होतं, पुन्हा त्याची भूक ७५ टक्क्यांचीच राहते, आणि हवेतून पाणी येतच राहतं. हे चक्र शेवटचा कण विरघळेपर्यंत थांबत नाही. वाटीत दिसतं ते पाणी असं साठतं. चारही कोपऱ्यांत ते सारखं होतं, कारण घरातली हवा चारही कोपऱ्यांत एकच होती. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या घरात काही नाही?" नाही काकू, ऐरोलीचा जुलै आहे.

या निरोपांबद्दल मला राग आहे तो एवढ्यासाठीच. आजारपणाने आधीच वाकलेल्या घराला ते आणखी एक भीती देतात, आणि ती भीती दरवर्षी पावसाळ्यात हमखास खरी ठरल्यासारखी दिसते.

मिठाचा दुसरा गुण मोजणाऱ्यांच्या कामाचा. संपृक्त द्रावणात थोडं न विरघळलेलं मीठ शिल्लक ठेवून ते बंद बरणीत ठेवलं, की बरणीतली हवा स्वतःच ७५ टक्क्यांवर येते आणि तिथेच राहते. हवा कोरडी असेल तर पाणी बाहेर पडतं आणि जास्तीचं मीठ खाली बसतं. हवा ओली असेल तर पाणी आत येतं आणि शिल्लक मीठ विरघळतं. दोन्ही वेळा द्रावणाची तीव्रता तीच. शिवाय मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही. त्यामुळे हा आकडा २० अंशांना ७५.५ आणि ३० अंशांना ७५.१ इतकाच हलतो. पाच रुपयांच्या मिठात निसर्गाने कोरून ठेवलेली खूण आहे ही.

कृती सोपी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगायला नको. झाकण आणि सेन्सर घट्ट बरणीत ठेवा, सेन्सरला मीठ लागू देऊ नका. वायरचं भोक मेणाने बुजवा. बरणी उन्हापासून आणि पंख्यापासून दूर रात्रभर राहू द्या. सकाळी सेन्सरने ७५ दाखवलं पाहिजे.

माझ्या सहा सेन्सरांनी दाखवलं ७४, ७६, ७१, ७९, ७५ आणि ८४. शेवटचा एका ऑनलाइन विक्रेत्याकडचा होता. डबीवर प्रसिद्ध मॉडेलचं नाव, दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे, आणि चूक नऊ टक्क्यांची. चांगल्या सेन्सरची स्वतःची हमीही साधारण अधिक-उणे २ टक्क्यांची असते. तेव्हा ६४.३७ मधले .३७ हे मोजमाप नसतं, ती फक्त पडद्यावरची जागा असते. 'स्मार्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातीत दशांश स्थळं पुष्कळ असतात, तपासणी कशाशी केली ते मात्र लिहिलेलं नसतं. घेताना तेच विचारावं.

सेन्सरच्या पोटात काय असतं? पूर्वी केस असायचा. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. केस ओलसर हवेत दोन-अडीच टक्के लांबतो आणि काटा फिरवतो. आजच्या सेन्सरमध्ये केसाच्या जागी प्लास्टिकच्या जातीचा एक पातळ पडदा असतो, दोन विद्युत पट्ट्यांमध्ये पकडलेला. म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, विद्युत भार साठवणारा. असा भार साठवायला पदार्थ किती मदत करतो ते सांगणारा विद्युत स्थिरांक पडद्याचा तीनच्या आसपास, पाण्याचा ऐंशीच्या आसपास. हवेतली थोडीशी वाफ पडद्यात शिरली तरी कपॅसिटरची क्षमता मोजता येईल इतकी वाढते. शेजारी त्याच चिपवर तापमापक असतो. एसएचटी-३१ नावाचा असा स्विस सेन्सर मी वापरला. तो काडीपेटीच्या गुलाइतकाच दिसतो.

आता तुर्भे. मावसभावाच्या गोदामात दाराजवळ एक काट्याचा आर्द्रतामापक टांगलेला होता. मेहताजी सकाळी दहाला शटर उघडून त्याचा आकडा वहीत लिहायचे. वही वर्षानुवर्षं नीटनेटकी, आणि तरी दर पावसाळ्यात मागच्या भिंतीकडच्या थप्पीतली खालची पोती बुरशीने जायची. मिरचीवरची बुरशी ही फक्त दिसण्याची गोष्ट नसते. ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं. भाजून, कुटून ते पुरतं जात नाही. साठवणीच्या बुरशा ७० टक्क्यांच्या आसपास जाग्या होतात, ही फ्लेवस बया साधारण ८० टक्क्यांना. आणि मेहताजींची वही बोलायची ती सकाळी दहाची, दाराजवळची गोष्ट. पहाटे चारला मागच्या भिंतीजवळ काय चाललं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून तीन यंत्रं बसवली: एक मागच्या थप्पीच्या खाली, एक वर छताजवळ, एक बाहेर छज्जाखाली. खालच्या यंत्राला लादीला चिकटवलेला आणखी एक तापमापक जोडला. मावसभावाचं ऑफिस शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, तिथे इंटरनेट. गोदामात काहीच नाही.

वायफाय चाललं नाही. लोखंडी शटर, काँक्रीटच्या भिंती आणि छतापर्यंत पोती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या, त्या एवढ्यातून जाता जाताच दमतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. तिथली लहर जवळजवळ ३५ सेंटिमीटर लांब, अडथळ्यांना वळसा घालून जाण्यात बरीच तरबेज. या पट्ट्यावर मी लोरा नावाची, कमी विजेत छोटे निरोप दूरवर पाठवणारी बिनतारी पद्धत वापरली. ग्रेनोबलच्या एका छोट्या कंपनीने ती विकसित केली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली.

लोराचा संदेश म्हणजे शीळ. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकत जाणारी. शीळ कोणत्या सुरापासून सुरू झाली त्यावरून आकडा कळतो: मी निवडलेल्या मांडणीत सुरुवातीच्या ५१२ जागा शक्य होत्या, म्हणजे एका शिळेत नऊ बिट. वरच्या टोकाला पोचली की शीळ खालून पुन्हा सुरू होऊन उरलेली पूर्ण होते. ऐकणारं यंत्र आलेल्या शिळेला उलट्या शिळेने गुणतं. खरी शीळ असेल तर गुणाकारात सरकणं रद्द होतं आणि सगळी शक्ती एकाच सुरावर गोळा होते. गोंगाटाला असं सरकणं नसतं, म्हणून तो पसरलेलाच राहतो. यामुळे गोंगाटाहून क्षीण असलेला संदेशही वाचता येतो. किंमत मोजावी लागते ती वेगाने. तापमान, आर्द्रता, बॅटरी आणि यंत्राचा क्रमांक मिळून माझा निरोप दहा बाइटचा, आणि तेवढ्याला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. चित्रं पाठवायची नाहीत, तेव्हा चालतं.

बॅटरीचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण अनेकांचे असे प्रयोग तिथेच सोडून दिले जातात. यंत्र दर दहा मिनिटांनी दोन सेकंद जागं होतं आणि सरासरी ५० मिलिअँपिअर घेतं. दिवसात १४४ वेळा, म्हणजे सुमारे ४ मिलिअँपिअर-तास. झोपेतला खर्च दिवसाला अर्धा मिलिअँपिअर-तास धरा. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल कागदावर दीड वर्ष पुरायला हवा. माझा पहिला सेल तीन आठवड्यांत संपला. बाजारात मिळणाऱ्या तयार बोर्डावर वीज चालू असल्याचा लाल दिवा असतो आणि व्होल्टेज सांभाळणारी एक चिप. प्रोसेसर झोपला तरी ही दोघं जागी राहून पाच मिलिअँपिअर खात होती. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास. दिवा काढला, चिप कमी खाणारी बसवली. तसाच सेल मग पुढचा दिवाळीचा सीझन ओलांडून गेला.

आकडे येऊ लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कोडं सुटलं. पावसाने उघडीप दिली की माथाडी कामगार दुपारी शटर वर करायचे, हवा खेळती राहावी म्हणून. बाहेरच्या यंत्राने त्या वेळी ३१ अंश आणि ८० टक्के दाखवलं. या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या किंचित वर येतो. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हीच हवा १०० टक्के होईल आणि तिच्यातून पाणी सुटू लागेल ते तापमान. मागच्या भिंतीजवळची लादी होती २६ अंशांची. सावलीत, जमिनीला टेकलेली, दिवसभर गारच राहणारी. ताजी हवा आत आली, लादीपर्यंत पोचली आणि लादीला घाम फुटला. वर थप्पी असल्यामुळे तो कुणाला दिसला नाही. पोत्यांनी तो पिऊन टाकला. म्हणजे कोरडं करायला उघडलेलं शटरच दुपारी पाणी आत आणत होतं.

त्यानंतर नियम एकच ठेवला. बाहेरचा दवबिंदू लादीच्या तापमानापेक्षा दोन अंशांनी खाली असेल तरच शटर उघडायचं आणि पंखा लावायचा. नाहीतर बंद. मावसभावाच्या आणि मेहताजींच्या फोनवर तसा संदेश जातो. थप्प्या लाकडी पाटांवर उचलल्या आणि भिंतीपासून हातभर दूर घेतल्या. या वर्षी मागच्या रांगेतलं एकही पोतं फेकावं लागलं नाही. मेहताजी अजूनही सकाळी दहाला वहीत आकडा लिहितात. मी त्यांना थांबवलं नाही, कारण यंत्र बंद पडलं तर तीच वही हाताशी असेल. दर सहा महिन्यांनी तिन्ही सेन्सर घरी आणून एक रात्र मिठाच्या बरणीत ठेवतो. मिरचीच्या धुळीत राहिलेला खालचा सेन्सर पहिल्या पावसाळ्यानंतर ७८ दाखवू लागला होता. तेवढे तीन टक्के आता प्रोग्राममध्ये वजा होतात.

काकूंचं राहिलं. त्यांच्या खिडकीपाशी मी एक जास्तीचं यंत्र ठेवून दिलं आणि शेजारी दोन वाट्या: एकीत खडे मीठ, दुसरीत पाकिटातलं. जानेवारीत दोन्ही कोरड्या ठणठणीत होत्या. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण केली. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधीच, खडे मीठ ओलं झालं. यंत्रावर आकडा होता ७०. "तुझे पंच्याहत्तर कुठे गेले?" काकूंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. समुद्राच्या पाण्यात नुसतं आपलं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याची ओल सुटण्याची रेषा ३३ टक्क्यांवर आहे. त्याचा थोडा अंश खड्याला लागलेला असला तरी तो आधीच पाणी ओढू लागतो. ठाणे खाडीच्या काठच्या मिठागरांत मीठ पिकवणाऱ्यांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. मीठ खाली बसलं की वर उरलेलं कडवट पाणी ते वाहून जाऊ देत, पूर्ण आटू देत नसत. मॅग्नेशियम त्या पाण्यातच राहतं. काकूंचं माहेर बेलापूरकडचं, आजोबांचं मिठागर होतं. कडू पाणी सोडून देण्याचं त्यांना लगेच आठवलं, कारण मात्र आत्ता कळलं, म्हणाल्या.

मग आम्ही ते खडे मीठ थोड्या पाण्यात विसळून घेतलं, पाणी ओतून दिलं आणि खडे तव्यावर कोरडे करून पुन्हा वाटीत ठेवले. दहा जूनला पहिला जोराचा पाऊस झाला. रात्री साडेनऊला यंत्रावर ७६ आलं. सकाळी काकूंनी कॅलेंडरवर दोन्ही वाट्यांसमोर एकदमच खूण केली.